कॅमेरा चालू आहे, पण चित्रण कुणाच्या हातात?

"पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवल्याने कोठडीतले मृत्यू कमी होतात का?"

संशोधन-प्रस्तावासाठी हा प्रश्न दिसायला फार देखणा आहे. एक कारण, एक परिणाम, मधे एक बाण. विषय गंभीर आहे, बातम्यांत आहे आणि मार्गदर्शकांनाही पहिल्या वाचनात पटेल असा आहे. पेट किंवा जेआरएफ झाल्यावर प्रस्ताव लिहायला बसलेल्या मंडळींकडून मला याच्या दोन-तीन आवृत्त्या दरवर्षी ऐकायला मिळतात. कधी सीसीटीव्हीच्या जागी पोलिसांच्या अंगावरचा बॉडी कॅमेरा असतो, कधी मृत्यूंच्या जागी तक्रारी. तुमच्याही वहीत असा प्रश्न लिहिलेला असेल तर खोडू नका, पण अर्ज भरण्याआधी त्याची शिवण थोडी उसवून बघूया. माझं म्हणणं एवढंच आहे की या प्रश्नात 'कॅमेरा' हे चल, म्हणजे आपलं व्हेरिएबल, चुकीच्या जागी बसलंय. भिंतीवर कॅमेरा आहे की नाही यापेक्षा त्याचं चित्रण ठाण्याबाहेरच्या माणसाच्या हाती वेळेत पडू शकतं की नाही, हे मोजायला हवं. हे दोन्ही एकच आहे असं आपण सहज धरून चालतो आणि तिथेच पुढची सगळी आकडेमोड वाकडी होते.

आधी न्यायालयांनी नेमकं काय सांगितलंय ते पाहू, कारण अनेक प्रस्तावांत "सर्वोच्च न्यायालयाने सीसीटीव्ही सक्तीचे केले" या एका वाक्यावर काम भागवलेलं असतं.

डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल हा डिसेंबर १९९६ चा निकाल तुम्हाला माहीत असेलच. अटक करताना काय पाळायचं याची ११ कलमी यादी तिथून आली: अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी वगैरे. ही सगळी कागदावरची देखरेख. तिची अडचण अशी की कागद लिहिणारा आणि ज्याच्यावर नजर ठेवायची तो, दोघे एकाच ठाण्यात बसतात. स्टेशन डायरीत वेळ कुठली टाकायची हे त्यांच्याच हातात. म्हणून पुढे कॅमेऱ्याचा विचार आला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच, वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यात झालेल्या एका तरुणाच्या मृत्यूच्या प्रकरणात, राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याच्या कॉरिडॉरमध्ये, खोल्यांत आणि कोठडीत कॅमेरे लावायला सांगितलं होतं, आणि चित्रण किमान एक वर्ष जपायलाही. म्हणजे देशपातळीवरच्या गाजलेल्या आदेशाच्या सहा वर्षं आधी.

तो गाजलेला आदेश म्हणजे परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग, २ डिसेंबर २०२०. निकाल मुळातून वाचा, फार मोठा नाही. त्यात कॅमेरे कुठे लावायचे याची यादीच आहे: आत-बाहेर जायची सगळी दारं, मुख्य फाटक, सगळ्या कोठड्या, कॉरिडॉर, व्हरांडे, निरीक्षकांची खोली, उपनिरीक्षकांची खोली, ठाणे अंमलदाराची जागा, शौचालयाच्या बाहेर (आत नाही), आणि ठाण्याची मागची बाजूसुद्धा. यादी इतकी बारीक का, याचा विचार करा. जिथे कॅमेरा नाही तिथे माणसाला नेता येतं, हे न्यायालय गृहीत धरून चाललंय. अंधारातही चित्र दिसलं पाहिजे, आवाजही मुद्रित झाला पाहिजे, साठवण शक्यतो १८ महिने आणि कुठल्याही परिस्थितीत वर्षभर. सीबीआय, एनआयए, ईडी यांसारख्या चौकशी करणाऱ्या यंत्रणांच्या कार्यालयांनाही हेच लागू.

हार्ड डिस्कचा हिशेब

आता "वर्षभर साठवण" या शब्दांपाशी थांबू. आपण समाजशास्त्र-राज्यशास्त्रवाले इथून झटकन पुढे जातो आणि नेमकं तिथेच बरंच काही दडलेलं असतं.

समजा एक साधा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने चित्रण करतो. दिवसाला ते साधारण २१.६ जीबी भरतं. ठाण्यात असे १४ कॅमेरे असतील तर दिवसाला ३०० जीबीच्या थोडं वर, आणि वर्षाला जवळपास ११० टीबी. हालचाल असेल तेव्हाच चित्रण करायचं ठरवलं, दर्जा कमी केला, तर आकडा खाली येईल, पण पोलीस ठाणं हे रात्रीसुद्धा हालचालीचं ठिकाण आहे. आता त्या १४ कॅमेऱ्यांमागे एक टीबीची डिस्क जोडा. साडेतीन दिवसही पुरत नाही. चौथ्या दिवशी यंत्र पहिला दिवस पुसून त्याच्यावर नवा लिहायला लागतं. यात कुणी काही 'डिलीट' केलेलं नसतं. यंत्राची रचनाच तशी असते. खरेदी करताना साठवणीवर किती पैसे घातले, यावरून पुराव्याचं आयुष्य ठरलेलं असतं.

त्यामुळे "आमच्याकडे कॅमेरे आहेत" हे उत्तर खरं असूनही त्याचा उपयोग शून्य असू शकतो. तामिळनाडूतल्या साथानकुलमचं प्रकरण याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. जून २०२०, टाळेबंदीचा काळ. मोबाइलचं दुकान ठरलेल्या वेळेनंतर उघडं ठेवल्याच्या आरोपावरून बाप आणि मुलगा ताब्यात घेतले गेले आणि काही दिवसांत दोघांचाही मृत्यू झाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांना ठाण्यात पाठवलं. ठाण्यात कॅमेरे होते, चालूही होते. एक टीबीची डिस्क होती आणि तिच्यात पुरेशी जागाही होती. पण चित्रण रोजच्या रोज आपोआप पुसलं जावं अशी सेटिंग करून ठेवलेली होती, असं दंडाधिकाऱ्यांनी अहवालात नोंदवलं. त्या रात्रीचं काहीच मिळालं नाही. ठाण्याचा ताबा काही काळ महसूल खात्याकडे द्यावा लागला, एवढी वेळ आली. आणि पुरावा म्हणून पुढे आला तो त्याच ठाण्यातल्या एका महिला पोलिसाचा जबाब. कॅमेरा गप्प राहिला, माणूस बोललं.

आता तुमच्या प्रस्तावाकडे वळा. साथानकुलम तुमच्या एक्सेल शीटमध्ये कसं जाईल? 'कॅमेरा: आहे', 'चालू: होय'. म्हणजे ते ठाणं 'उपचार' गटात, देखरेख असलेल्यांत. तुमचं विश्लेषण सांगेल की देखरेख असूनही मृत्यू झाले, म्हणजे देखरेखीचा उपयोग नाही. आणि हा निष्कर्ष चूक असेल, कारण तिथे देखरेख नव्हतीच. नुसतं यंत्र होतं.

छेद कुठला?

महाराष्ट्राच्या आकड्यांत हाच घोळ वेगळ्या रूपात भेटतो. २०२२ च्या सुरुवातीला राज्याने मुंबई उच्च न्यायालयासमोर दिलेली माहिती अशी होती: एकूण पोलीस ठाणी १,०८९, कॅमेरे बसवलेली ५४७, बसवलेले कॅमेरे ६,०९२, त्यांतले चालू ५,६३९ आणि बंद ४५३.

यातून तुम्हाला हवी ती बातमी काढता येते. "राज्यातले जवळपास ९३ टक्के कॅमेरे चालू" हे खरं. "राज्यातल्या निम्म्या पोलीस ठाण्यांत कॅमेराच नाही" हेही खरं. अंश-छेद बदलला की गोष्ट बदलते. पण माझ्या मते या आकड्यांत जे नाही ते जास्त महत्त्वाचं आहे. बंद असलेले ४५३ कॅमेरे ठाण्याच्या कुठल्या भागातले? ते सगळीकडे सारखे विखुरलेले असतील तर ती देखभालीची बाब, म्हणजे वायर कुरतडली, पावसाने पाणी शिरलं, कंत्राटदाराचं बिल थकलं. पण ते कोठडीजवळ आणि चौकशीच्या खोलीत जास्त असतील तर? संख्याशास्त्राच्या वर्गात आपण शिकतो की गाळलेली माहिती योगायोगाने गाळलेली आहे की नाही हे आधी तपासा. तिथे ते सूत्र वाटतं. इथे त्याचा अर्थ असा की कॅमेरा नेमका कधी आणि कुठे बंद पडतो हीच तुमची मुख्य माहिती असू शकते. गाळलेल्या ओळी शीटमधून उडवून टाकलेत तर अभ्यासाचा विषयच उडवलात.

हे प्रकरण अजून संपलेलं नाही. राजस्थानात २०२५ मध्ये सात-आठ महिन्यांत पोलीस कोठडीत ११ मृत्यू झाल्याची दैनिक भास्करची बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांच्या प्रश्नाची पुन्हा स्वतःहून दखल घेतली. २०२० च्या आदेशाला पाच वर्षं होत आली होती.

बटण कुणाच्या हातात

कॅमेरे आणि पोलिसांचं वागणं यावरचे सगळ्यात काटेकोर प्रयोग ठाण्यातल्या सीसीटीव्हीवर झालेले नाहीत, ते बॉडी कॅमेऱ्यावर झालेत आणि बहुतेक अमेरिका-ब्रिटनमध्ये. तिथली परिस्थिती आपल्यापेक्षा वेगळी आहे, ते आकडे उचलून इथे चिकटवू नका. पण संशोधनाची रचना शिकायला ते उत्तम आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅलिफोर्नियातलं रियाल्टो हे लाखभर वस्तीचं शहर. २०१२ मध्ये तिथे वर्षभर प्रयोग चालला. कुठल्या पाळीतल्या पोलिसांनी कॅमेरा लावायचा आणि कुठल्या पाळीतल्यांनी नाही, हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं जायचं. निष्कर्ष थक्क करणारे होते: कॅमेरा असलेल्या पाळ्यांत बळाचा वापर जवळपास निम्मा, आणि नागरिकांच्या तक्रारी आधीच्या वर्षाच्या तुलनेत जवळपास ९० टक्क्यांनी कमी. जगभरच्या पोलीस दलांनी याचा हवाला देऊन कॅमेरे विकत घेतले.

मग २०१७ मध्ये वॉशिंग्टन डीसीचा अभ्यास आला. २,२२४ पोलीस, आणि इथे पाळीऐवजी पोलीस अधिकारीच यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटलेले. निष्कर्ष: बळाच्या वापरात किंवा तक्रारींत संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखल घेण्याजोगा फरक नाही.

दोन्ही प्रामाणिक, दोन्ही यादृच्छिक. मग खरं कुठलं? विद्यार्थी इथे "निष्कर्ष संमिश्र आहेत" असं एक वाक्य लिहून साहित्य-आढावा आटोपतात. तसं करू नका, कारण मजा इथूनच सुरू होते. रियाल्टोत एकच पोलीस सोमवारी कॅमेऱ्यासह आणि मंगळवारी कॅमेऱ्याविना ड्यूटी करायचा. सोमवारची सवय मंगळवारी सोबत येणारच, म्हणजे दोन गट एकमेकांत मिसळले. शिवाय दल लहान, प्रमुख स्वतः प्रयोगात रस घेणारा आणि संशोधनातही सामील. तक्रारी कमी झाल्या म्हणजे वागणूक सुधारली, की खोट्या तक्रारी गळाल्या, की "बघा, सगळं रेकॉर्ड झालंय" असं ऐकून खरी तक्रार करणाराही माघारी फिरला? तक्रारींचा आकडा यांतलं काहीच वेगळं करून सांगत नाही. डीसीत मात्र दल मोठं, आणि आधीच बऱ्याच चौकशांतून आणि सुधारणांतून गेलेलं. तिथे कॅमेऱ्याने आणखी काय बदलणार, हाही प्रश्न आहे.

याच वादातला तिसरा तुकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रियाल्टोचे संशोधक बराक एरिअल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दहा ठिकाणच्या प्रयोगांची पुन्हा छाननी केली. जिथे पोलिसांनी नियम पाळून कॅमेरा सुरुवातीपासून चालू ठेवला तिथे बळाचा वापर ३७ टक्क्यांनी घटला. जिथे कॅमेरा कधी चालू करायचा ते पोलिसांनी स्वतःच्या मर्जीने ठरवलं तिथे तो ७१ टक्क्यांनी वाढला. कॅमेरा तोच, फरक बटणावरच्या बोटाचा.

हे वाचून लगेच टाळ्या वाजवू नका. नियम कुठे पाळले गेले आणि कुठे नाहीत, हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. प्रकरण चिघळतंय असं दिसल्यावरच पोलिसाने कॅमेरा चालू केला असेल तर 'कॅमेरा चालू' आणि 'बळाचा वापर' एकत्र दिसणारच, कार्यकारण उलट दिशेने असूनही. म्हणजे हा पुरावा दिशा दाखवतो, शिक्कामोर्तब करत नाही. पण दिशा तीच आहे, साथानकुलमची: नियंत्रण कुणाकडे?

मृत्यू मोजणं

आता बाणाच्या दुसऱ्या टोकाकडे जाऊ. कोठडीतले मृत्यू मोजणं सोपं असेल असं वाटतं, कारण मृत्यू लपत नाही. पण २०२१ या वर्षासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, अहवालात पोलीस कोठडीतले मृत्यू ८८ आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे २०२०-२१ मध्ये १०० आणि २०२१-२२ मध्ये १७५ मृत्यूंची नोंद आहे, असं सरकारनेच संसदेत सांगितलं. एक मोजमाप कॅलेंडर वर्षाचं, दुसरं आर्थिक वर्षाचं, हे धरलं तरी दरी भरून निघत नाही. एनसीआरबीला आकडे राज्यांच्या पोलीस यंत्रणेकडून जातात, तर आयोगाला २४ तासांत कळवणं १९९३ पासून बंधनकारक आहे. 'कोठडीतला मृत्यू' कशाला म्हणायचं इथूनच फरक सुरू होतो. ताब्यातून सोडल्यावर दोन दिवसांनी रुग्णालयात मेलेला माणूस कुठल्या रकान्यात जातो? एनसीआरबीच्या तक्त्यात आत्महत्या, आजारपण, ताब्यात येण्याआधीच्या जखमा असे रकाने आहेत. कुठल्या रकान्यात टाकायचं ते पहिल्यांदा ठरवतं कोण, हे तुम्ही ओळखलं असेलच.

दुसरी अडचण निव्वळ गणिताची. देशात सुमारे १७ हजार पोलीस ठाणी आहेत. ८८ भागिले १७ हजार केलं तर एका ठाण्यामागे वर्षाला साधारण ०.००५ मृत्यू. तुम्ही एका जिल्ह्यातली ३० ठाणी घेतलीत, पाच वर्षांचा काळ धरलात, तर अपेक्षित नोंद एकाहूनही कमी. आयोगाचा १७५ आकडा धरला तरी दीड. कॅमेऱ्यांनी मृत्यू खरोखर निम्म्यावर आणले असले तरी तुमच्या अभ्यासाला ते दिसणार नाही. आणि मग "सीसीटीव्हीचा परिणाम आढळला नाही" असं वाक्य तुमच्या प्रबंधात जाईल, तिथून एखाद्या सरकारी प्रतिज्ञापत्रात. लहान नमुन्याला परिणाम दिसला नाही आणि परिणाम नव्हता, या दोन गोष्टींतलं अंतर कोर्टात कुणी समजावून सांगत बसत नाही.

पाहणारे कोण आहेत

मग अभ्यास कशाचा करायचा? मी तुमच्या जागी असतो तर चित्रणाच्या प्रवासाचा केला असता. भिंगापासून निघालेलं चित्र कुणापर्यंत पोचतं आणि कुठे अडतं.

२०२० च्या आदेशात दोन समित्या आहेत. राज्यपातळीवरच्या समितीत गृह आणि वित्त खात्याचे सचिव, पोलीस महासंचालक आणि राज्य महिला आयोगाच्या अध्यक्ष किंवा सदस्य. जिल्हापातळीवर विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि लोकांनी निवडून दिलेली एक व्यक्ती: शहरात महापौर, ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कॅमेरे नीट आहेत का एवढंच जिल्हा समितीने पाहायचं नाही. ज्यांची तक्रारच झालेली नाही असे मानवाधिकारभंग चित्रणात दिसतात का, हेही तिने तपासायचं आहे. हे वाक्य फार मोठं आहे. तक्रारीची वाट न पाहता, कुणी पाहत नसताना काय घडतं ते पाहायची जबाबदारी कागदावर एका समितीला दिलीय.

आता महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. २०२२ पासून राज्यातल्या बहुतेक महापालिका आणि जिल्हा परिषदांवर निवडणुकांअभावी प्रशासक बसले, आणि हे वर्षानुवर्षं चाललं. महापौर नाही, अध्यक्ष नाही. समितीतली लोकांची एकुलती एक खुर्ची तेव्हा रिकामी होती, की तिथेही अधिकारीच बसला? बैठका किती झाल्या? इतिवृत्तात चित्रण पाहिल्याची नोंद आहे का, की फक्त "अमुक कॅमेरे नादुरुस्त, दुरुस्तीचे आदेश दिले"? माहिती अधिकारात इतिवृत्तं मागता येतात, आणि यात कुणाच्या खासगीपणाचा प्रश्न येत नाही. एका जिल्ह्याची पाच वर्षांची इतिवृत्तं हा एम.फिल.च्या काळी अख्ख्या प्रबंधाचा ऐवज झाला असता.

थेट चित्रण मागायला गेलात तर मात्र घड्याळाशी गाठ आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला ३० दिवस. नकार आला ("तपासात अडथळा", "त्रयस्थाचा खासगीपणा" ही ठरलेली कारणं) आणि त्याच दिवशी पहिलं अपील टाकलंत तरी निर्णयाला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. झाले ७५. त्यानंतर माहिती आयोग, तिथे किती थांबावं लागतं ते विचारू नका. डिस्क ३० दिवसांची असेल तर पहिलं उत्तर यायच्या आत चित्रण गेलेलं असतं, आणि मग "उपलब्ध नाही" हे उत्तर शब्दशः खरं असतं. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते, ही तरतूद कायद्यात आहे. पण भाऊ किंवा मुलगा आत असलेल्या घरात त्या रात्री हे कलम कुणाला ठाऊक असतं? म्हणून साठवणीचे दिवस आणि उत्तराचे दिवस ही दोन संख्यांची साधी तुलना मला कुठल्याही मोठ्या रिग्रेशनपेक्षा जास्त सांगून जाते.

लोकांच्या हातातला कॅमेरा

एवढं सगळं वाचून वाटेल की मग सरकारी कॅमेऱ्याचा नाद सोडा, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहेच. २५ मे २०२० ची मिनियापोलिसची घटना याच बाजूने उभी राहते. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर पोलिसांचं पहिलं पत्रक वैद्यकीय कारणाने मृत्यू झाल्यासारखं लिहिलेलं होतं. रस्त्यावर उभ्या एका मुलीने मोबाइलवर घेतलेलं चित्रण पसरलं आणि ते पत्रक टिकलं नाही. लक्षात घ्या, तिथल्या पोलिसांच्या अंगावरही कॅमेरे होते आणि ते चालू होते. पण ते चित्रण सगळ्यांना पाहायला मिळालं ऑगस्टमध्ये. पुढे खटल्यात दोन्ही चित्रणं वापरली गेली आणि एप्रिल २०२१ मध्ये खुनाचा दोष सिद्ध झाला. एकच प्रसंग, दोन कॅमेरे, आणि मधे दोन महिन्यांहून जास्त अंतर. नैसर्गिक प्रयोग म्हणतात तो याहून स्वच्छ क्वचितच मिळतो.

पण तो रस्ता होता. कोठडीत बघ्यांची गर्दी नसते, आणि आत शिरतानाच मोबाइल काढून घेतला जातो. ठाण्यात चित्रण करणाऱ्यांवर आपल्याकडे १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्टखाली गुन्हे दाखल झालेत. वर्ध्याच्या अशाच एका प्रकरणात, पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये गुन्हा रद्द केला. गुन्हा २०१८ चा होता. निकाल बाजूने लागला हे खरं, पण ठाण्यात मोबाइल बाहेर काढल्याबद्दल एका माणसाची चार वर्षं गेली, हेही माहिती म्हणून नोंदवायला हवं.

शेवटी दोन गोष्टी, कामाच्या.

पीडित कुटुंबांच्या मुलाखती घेणार असाल तर आधी हे समजून घ्या: संशोधकाला आपला माहितीचा स्रोत गुप्त ठेवण्याचं खास कायदेशीर कवच आपल्याकडे नाही. तुमची वही, रेकॉर्डर, लॅपटॉप तपासासाठी मागवता येतो. संमतीपत्रावर "तुमची माहिती पूर्ण गोपनीय राहील" असं छापलेलं असतं ते तुम्ही पाळू शकाल का, हे नीतिमत्ता समितीने विचारायच्या आधी स्वतःला विचारा. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर आधी त्यांच्या वकिलांना भेटा. नाव, गाव, तारीख वेगळ्या ठिकाणी ठेवणं वगैरे नेहमीचं आहेच, पण लहान तालुक्यात कोठडीतला मृत्यू पाच-दहा वर्षांत एखादाच होतो. नाव बदलून काही लपत नाही.

आणि ज्यांना आत्ता लगेच, निधीशिवाय, परवानगीच्या चकरांशिवाय सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी: २०२० च्या आदेशानुसार प्रत्येक ठाण्याच्या दारात आणि आत इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत ठळक फलक हवा. इथे सीसीटीव्ही आहे, मानवाधिकारभंग झाला तर कुठे तक्रार करायची, चित्रण सहा महिन्यांपेक्षा कमी नाही इतका काळ जपलं जातं आणि ते सुरक्षित ठेवून घेण्याचा पीडिताला हक्क आहे, हे त्यावर लिहिलेलं असायला हवं. तुमच्या तालुक्यातल्या ठाण्यांच्या दारापर्यंत जा. फलक आहे का, मराठीत आहे का, किती दिवस लिहिलेत, आणि नोटिशीच्या कागदाखाली झाकला गेलाय का, एवढं वहीत टिपून आणा. दहा ठाणी झाली की मला मेल करा, पुढचा तक्ता आपण मिळून आखू.